तिसऱ्या घंटेआधीचे ताट

नाट्यगृहात पहिली घंटा झाली की प्रेक्षक चहाचा पेला खाली ठेवतात, दुसरीला आपापली आसने शोधू लागतात आणि तिसरी होताच दिवे मंदावतात. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला त्या संध्याकाळी आणखी एक वेळ सांभाळावी लागते आणि तिची घंटा कोणी वाजवत नाही. ती वेळ सूर्यास्ताची. नाटकापूर्वी कोठे जेवावे, हा प्रश्न इतरांच्या दृष्टीने आवडीचा आणि खिशाचा असतो. जैन घरात तो आधी वेळेचा असतो, मग पदार्थांचा आणि सर्वांत शेवटी जागेचा. हा क्रम उलटा झाला की त्या बेतातून घरातील कोणीतरी गळते.

गळणारी व्यक्ती बहुधा ठरलेलीच असते. तरुण मंडळी रात्रीच्या प्रयोगाची तिकिटे काढतात, वाटेत कोठेतरी जेवू असे ठरवतात आणि मग आजींना विचारतात. आजी म्हणतात, ‘‘तुम्ही जा रे, मला आता तेवढे बसवत नाही.’’ ज्या आजींनी तारुण्यात रेडिओवरील नाट्यपदे जिवाचा कान करून ऐकली, त्यांचे मन नाटकावरून उडाले आहे असे समजणे सोपे असते. खरे कारण निराळे असते. आपल्या नियमापायी पाच जणांचा बेत बिघडू नये, म्हणून त्या स्वतःला वगळून घेतात. हे इतक्या शांतपणे घडते की त्यात काही वजा झाले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. नियम मोडला जात नाही आणि प्रयोगही चुकत नाही. पण घरातील लहान मुलांच्या मनावर एक गोष्ट नकळत ठसते, की धर्म पाळणारी माणसे घरी बसतात आणि आनंद करणारी बाहेर जातात. ही समजूत एखाद्या चुकलेल्या प्रयोगाहून पुष्कळ महाग पडणारी आहे.

पूर्वी ही अडचण अशा रूपात नव्हती. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्यानंतर दीर्घकाळ संगीत नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगत. घराचा दिनक्रम त्या काळी सूर्याच्या चालीने चाले. ज्या घरांत रात्रीभोजनाचा त्याग होता, तेथे दिवेलागणीपूर्वी चूल शांत होई आणि पडदा वर जायला अजून बराच अवकाश असे. जेवण आणि नाटक यांची गाठच पडत नसे. पुढे विजेचे दिवे आले, पेढ्या रात्रीपर्यंत उघड्या राहू लागल्या, शहरे पसरली आणि नाटके अडीच तासांची झाली. पूर्वी सूर्यास्त आणि नाटक यांच्यामध्ये जो मोकळा प्रहर होता, तो व्यापाराने आणि वाहतुकीने गिळला. आज एकाच कुटुंबातील वडील पाच वाजता मार्केट यार्डात असतात, मुलगी हिंजवडीच्या कार्यालयात, सून लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात आणि आजी बिबवेवाडीच्या घरी. त्या सर्वांनी एका ताटावर कोठे आणि केव्हा भेटायचे, हा आजचा खरा पेच आहे.

तो सोडवण्याचा आरंभ वर्षातील सूर्यास्त ध्यानात घेऊन करावा लागतो. पुण्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाला चारेक मिनिटे कमी असतानाच मावळतो. जानेवारीच्या अखेरीस ही वेळ साडेसहाच्या आसपास येते, मार्चमध्ये पावणेसातच्या जवळ आणि जूनअखेर ते जुलैचा आरंभ या काळात सव्वासातच्या आसपास. मुंबईत हीच वेळ चार-पाच मिनिटे पुढे असते. म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा यांत सव्वा तासाहून अधिक अंतर पडते. त्यातही अनेक श्रावक सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे आधीच आहार आटोपतात. त्यांच्या दृष्टीने नोव्हेंबरअखेरीस ताट वाढण्याची वेळ साडेचार ते पाच ही असते. ‘‘सहापर्यंत पोहोचू आणि पटकन जेवू,’’ हे जूनमध्ये चालणारे वाक्य डिसेंबरमध्ये चालत नाही.

आता प्रयोगांच्या वेळा पाहाव्या. पुण्यात नाटकांचे प्रयोग साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ या सुमारास लागतात. वृद्ध आणि लहान मुले बरोबर असतील तर साडेबाराचा प्रयोग सर्वांत सोयीचा. अकराच्या सुमारास घरीच पोटभर जेवून निघावे. तीन-साडेतीनला नाटक सुटते आणि हिवाळ्यातसुद्धा चौविहारासाठी स्वस्थपणे घरी परतता येते. साडेपाचचा प्रयोग सर्वांत फसवा. ती वेळ सुसंस्कृत वाटते, पण हिवाळ्यात सूर्यास्त पहिल्या अंकातच होऊन जातो. म्हणून पाचच्या आत जेवण पुरे झालेले असावे. उन्हाळ्यात याच प्रयोगाचे मध्यंतर पावणेसातच्या आसपास येते. दोन घडींचा नियम नसणाऱ्यांना तेव्हा थोडे काही खाऊन पच्चक्खाण घेता येते, पण पंधरा मिनिटांच्या त्या गर्दीवर संपूर्ण जेवण सोपवू नये. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला जेवणाची घाई उरत नाही. तेथे प्रश्न पुढच्या तासांचा असतो. डिसेंबरात साडेपाचला ताट पुरे केलेली व्यक्ती मध्यरात्रीनंतर घरी येते आणि नवकारशी पारायला सकाळचे पावणेआठ उलटून जातात. निरोगी माणसाला हे जड नाही. मधुमेहाची किंवा अन्य नियमित औषधे घेणाऱ्यांनी मात्र एवढ्या अंतराविषयी आधी वैद्यांना विचारावे. चौविहाराऐवजी तिविहार घेता येईल का, हे गुरुमहाराजांना विचारण्यात काहीच कमीपणा नाही. तिविहारात पाणी मोकळे राहते. पच्चक्खाणाच्या पाठातही देहाची समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेले आहेत. पूर्वाचार्यांनी नियम रचताना माणसाच्या शरीराचा विचार सोडलेला नाही.

मुंबईत दुपारी चार आणि रात्री आठ-साडेआठ या वेळा अधिक रूढ आहेत. चारचा प्रयोग ऋतूप्रमाणे दोन निराळी रूपे घेतो. एप्रिल ते ऑगस्ट या काळात साडेसहाच्या सुमारास नाटक सुटल्यावरही हातात वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत अवधी उरतो. नाट्यगृहाजवळच जागा ठरलेली असेल तर तेवढ्यात जेवण होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाटक सुटेपर्यंत अंधारलेले असते आणि सव्वापाचच्या सुमारास येणारे मध्यंतर हीच काय ती संधी. तेव्हा पिशवीतला डबा उपयोगी पडतो.

मध्यंतर म्हटले की मराठी प्रेक्षकाला बटाटेवडा आठवतो. दादरच्या शिवाजी मंदिरात काय किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये काय, वड्याचा तो वास नाट्यानुभवाचाच भाग होऊन बसला आहे. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांना त्याचा वासच पुरे म्हणावा लागतो. उपाहारगृहातील इतर पदार्थही तपासूनच घ्यावे लागतात. पोह्यांत कांदा, साबुदाणा वड्यात बटाटा, कोथिंबीर वडीत बहुधा आले-लसूण. नाट्यगृहाच्या उपाहारगृहावर जैन कुटुंबाने संध्याकाळ सोपवू नये. केळी, कोरडा खाऊ किंवा चहा यांपलीकडे तेथे भरवशाचे फारसे काही मिळत नाही.

मग जवळचे उपाहारगृह. बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी सुरू झाले, तेव्हापासून पुण्यात ‘नाटकाआधी डेक्कनवर काहीतरी खाऊ’ ही पिढ्यांची सवय झाली आहे. फर्ग्युसन रस्त्यावरची ‘वैशाली’ आणि ‘रूपाली’ ही उडुपी पद्धतीची उपाहारगृहे त्या परिसरातच आहेत. आपटे रस्त्यावरील ‘श्रेयस’ महाराष्ट्रीय थाळीसाठी ओळखले जाते आणि टिळक स्मारक मंदिराकडे जाणाऱ्यांना टिळक रस्त्यावरचे ‘दुर्वांकुर’ ठाऊक असते. येथे एक व्यावहारिक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. थाळीच्या भोजनगृहांत दुपारची पंगत उठली की मधे विश्रांती असते आणि रात्रीचे वाढप साधारणपणे सात-साडेसातच्या पुढे सुरू होते. म्हणजे थाळी कितीही सात्त्विक असली तरी वर्षाचा बराचसा काळ ती चौविहाराच्या उपयोगाची नाही. साडेबाराच्या प्रयोगाआधी मात्र ती उत्तम. संध्याकाळी चार ते सहा या वेळेत उघडी असतात ती उडुपी पद्धतीची उपाहारगृहे. चौविहार करणाऱ्याला ताटापेक्षा ही चालू भट्टी अधिक मोलाची. आठवडाअखेरीस अशा ठिकाणी बसायला जागा मिळण्यासाठी थांबावे लागते. त्या थांबण्याची अर्धी घटिका हिशेबात धरूनच घरून निघावे.

तेथेही ‘जैन करा’ एवढे सांगून भागत नाही. पुष्कळ स्वयंपाकी या शब्दाचा अर्थ कांदा-लसूण नको एवढाच घेतात. बटाटा, गाजर, आले यांचे नाव वेगळे घ्यावे लागते. मसाला डोशातील भाजी बटाट्याची, सांबारात कांदा, चटणीत आले असू शकते. पंजाबी भाज्यांच्या रश्शाचे वाटण तर आधीच कांद्यासह तयार असते, ते मागाहून वेगळे होत नाही. आंबवलेले पीठ वासी मानून जे ते घेत नाहीत, त्यांच्यासाठी इडली-डोसाही बाद होतो. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांना कच्च्या दह्यात बुडवलेला वडा चालत नाही. अशा वेळी पदार्थांची यादी हाती घेऊन वाढप्याची उलटतपासणी करण्यापेक्षा, आदल्या दिवशी दूरध्वनी करून काय मिळू शकेल हे विचारून ठेवावे. वाढप्याशी सौम्यपणे बोलावे. नियम आपला आहे, त्याचा ताप त्याला होऊ नये. आणि शंका उरलीच तर साधे फळ आणि दूध घेऊन संध्याकाळ भागवावी, त्याने काही बिघडत नाही.

मुंबईत व्यापारी पेठांनी या प्रश्नावर स्वतःचे उत्तर शोधलेले आहे. जेथे जैन व्यापाऱ्यांची वस्ती किंवा कामकाज दाट आहे, अशा काही भागांत सूर्यास्तापूर्वी वाढप संपवणारी चौविहार हाउस चालतात. अनेक जिनालयांच्या आणि उपाश्रयांच्या आवारातील भोजनशाळाही हीच वेळ पाळतात. ऑपेरा हाउसचा परिसर याचे चांगले उदाहरण आहे. हिऱ्यांच्या पेढ्या आणि 2016 मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडलेले रॉयल ऑपेरा हाउस एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तेथे पेढीवरून उठून वेळेत जेवावे आणि चालत नाट्यगृह गाठावे, हे साधण्यासारखे आहे. गिरगाव चौपाटीवर कच्च्या केळ्याची जैन पावभाजी मिळते. तीही उजेडातच खायची, हे मात्र मुलांना आधी सांगून ठेवलेले बरे. भोजनशाळेत जायचे असेल तर किती माणसे येणार हे सकाळीच कळवावे. तेथील अन्न मोजून शिजवलेले असते. अचानक सहा माणसे येऊन उभी राहिली तर कोणाचे तरी ताट अपुरे पडते.

तरीही सर्व पर्यायांत घरचा डबा श्रेष्ठ ठरतो, आणि त्याचे कारण केवळ काटकसर हे नाही. नियमांचे जितके थर एका कुटुंबात असतात, तितके सांभाळणारे उपाहारगृह मिळणे कठीण. आजींचा चौविहार, आईचे कंदमूळ वर्ज्य, एखाद्याला अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको, चातुर्मासात पालेभाजी नको. एकाच डब्यात हे सगळे बसते. ठेपले, पुऱ्या, कच्च्या केळ्याची कोरडी भाजी, वाफवलेले मूग, खाखरे आणि गोडाला सुखडी. चातुर्मासात मेथीचे ठेपले सोडून साधे करावे. सर्व काही त्याच दिवशी केलेले असावे. बरोबर उकळलेल्या पाण्याची बाटली आणि ताटे पुसायला एक स्वच्छ फडके ठेवावे. प्रेक्षागृहात खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणून डबा उघडण्याची जागा आधी पाहून ठेवावी. ती एखाद्या नातेवाइकाचे जवळचे घर असू शकते, ओळखीच्या व्यापाऱ्याची पेढी असू शकते, किंवा झाडाखाली उभी केलेली गाडीही असू शकते. व्यापारी कुटुंबाला शहरभर ओळखी असतात. नाट्यगृहाजवळच्या साधर्मिकाच्या दुकानात मागच्या गादीवर बसून घेतलेला घास कोणत्याही थाळीइतकाच तृप्त करतो. पुढच्या वेळी त्याचेही कुटुंब नाटकाला बरोबर न्यावे.

पेढीचा प्रश्न मात्र डब्याने सुटत नाही. किरकोळ व्यापारात संध्याकाळी पाच ते आठ हीच गल्ल्याची वेळ. त्या वेळी दुकान सोडणे म्हणजे दिवसाच्या विक्रीचा मोठा वाटा सोडणे. हे नुकसान खरे आहे आणि ते नाकारून कोणताही सल्ला देता येत नाही. अनेक पेढ्यांवर पाचच्या सुमारास घरून चौविहाराचा डबा येतो आणि शेठ गल्ल्यामागेच जेवून घेतात. नाटकाच्या दिवशी तोच डबा मोठा करून आणता येतो. घरची मंडळी पेढीवर येतात, तेथेच सर्व जण एकत्र जेवतात, मग बाकीचे पुढे निघतात आणि शेठ दुकान वाढवून रात्रीच्या प्रयोगाला थेट पोहोचतात. दुसरा मार्ग पेठेच्या साप्ताहिक सुट्टीचा. त्या दिवशी प्रयोग नसेल तर रविवारी दुपारचा प्रयोग पाहावा आणि एका वेळेची विक्री घरखर्चात मांडावी. लग्नकार्यासाठी दुकान बंद ठेवणारे कुटुंब वर्षातून दोन दुपारी नाटकासाठी बंद ठेवू शकते.

घरात सर्वांचे नियम सारखे नसतात, हेही मोकळेपणाने मान्य करावे लागते. मुलाने चौविहार घेतलेला नसतो, जावई परगावचे असतात, मुलीची मैत्रीण दुसऱ्या समाजाची असते. त्यांना संध्याकाळी पाचला जेवायला बसवले तर साडेबारा वाजता नाटक सुटेपर्यंत पोटात कावळे ओरडणारच. त्यांच्यासाठी थोडे वेगळे बांधून घ्यावे आणि ते त्यांनी मध्यंतरात निःसंकोच खावे. ज्यांनी नियम घेतला आहे त्यांनी उपदेश करू नये आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी परतीच्या वाटेवर ‘‘आता कोठेतरी थांबू या’’ म्हणून आजींना गाडीत तासभर बसवून ठेवू नये. परगावचा व्यापारी पाहुणा असेल तर प्रयोगाची वेळ सांगण्याआधी त्याचा नियम विचारावा. नाहीतर संकोचापोटी तो बिचारा उपाशीच राहतो आणि यजमानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या सर्वांतून बेत आखण्याची एकच रीत पुढे येते. ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याच्या वेळेपासून मोजायला सुरुवात करावी. आजींच्या ताटाची वेळ निश्चित झाली की जेवणाची जागा आपोआप ठरते, जागा ठरली की निघण्याची वेळ ठरते, आणि मग कोणता प्रयोग घ्यायचा हे कळते. उलट क्रमाने, म्हणजे तिकिटापासून आरंभ केला, तर शेवटी आजींपाशी येईपर्यंत त्यांच्यासाठी वेळच उरत नाही. असा बेत केल्याने इतरांचे फार काही जात नाही. एक तास लवकर जेवावे लागते, एवढेच. भरल्या पोटी नाटक सुरू होईपर्यंत थोडी सवड मिळते आणि त्या सवडीत घरातील माणसे एकमेकांशी बोलतात.

सूर्यास्ताची वेळ जैन पंचांगात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही छापलेली असते. नाटकाची जाहिरात पाहिल्यावर आधी त्या पानाकडे नजर टाकावी, मग स्वयंपाकघरात जावे आणि आजींना एवढेच विचारावे, ‘‘आजी, त्या दिवशी तुमचे जेवण किती वाजता?’’ ‘‘येता का?’’ असे विचारले तर त्या नाही म्हणतील. जेवणाची वेळ विचारली तर आपल्याला धरूनच बेत चालला आहे हे त्यांना कळते, आणि बहुधा त्या पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात, ‘‘कोणते नाटक आहे?’’